सालाची साल

नागपूरच्या लकडगंजात आमच्या लाकडाच्या टालीवर बाबांचा एक नियम होता. मृग लागायच्या आत सरईचा एकही लठ्ठा सालीसकट पडून राहता कामा नये. सागवान राहिलं तर राहू दे, बिजा राहू दे, पण सरई सोलून घ्या. मे महिन्याच्या उन्हात, टालीवरची धूळसुद्धा पायाला चटका देत असताना, दोन हमाल कुऱ्हाडीच्या पात्यानं साल उचकटत बसायचे. शाळेला सुट्टी असायची. सालींचे तुकडे गोळा करायचे, त्यांच्या मोळ्या बांधायच्या आणि इतवारीतल्या हॉटेलवाल्यांच्या भट्टीसाठी ठेवायच्या, हे माझं काम. एकदा मी विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी? बाबा म्हणाले, "नाही सोललं तर भुंगा येते न बाप्पा." तो येतो कुठून, हे त्यांनाही सांगता आलं नाही. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, त्यांना आणखी कुणी.

हा नियम आमच्या टालीपेक्षा जुना होता. तो मूळचा लकडगंजातलाही नव्हता. हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

आधी नावाचा घोळ निस्तरतो. विदर्भात 'सालई' म्हटलं की ते वेगळं झाड, कागदासारखे पापुद्रे सुटणारं आणि डिंक देणारं. मी सांगतोय तो साल, संस्कृतातला शाल, मंडल्याकडच्या गोंड-बैगांची सरई. देवापुढं जळते ती राळ त्याचीच. नागपूरला हे झाड नावानं चांगलं ओळखीचं आहे. कुशीनगरला जोड शालवृक्षांच्या मध्ये तथागतांचं महापरिनिर्वाण झालं, हे दीक्षाभूमीवर आईचं बोट धरून जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पण डोळ्यांनी सालाचं जंगल पाहिलेला नागपूरकर विरळा. इथून खाली चंद्रपूर, आलापल्लीपर्यंत राज्य सागाचं. सालाचा मुलूख सातपुड्याच्या पूर्वेच्या अंगाला बालाघाट, मंडला, अमरकंटकाकडे सुरू होतो आणि छत्तीसगड, झारखंड, ओडिशापर्यंत पसरतो. ती जंगलं आज दुसऱ्या राज्यांत आहेत म्हणून आपण त्यांना परकी समजतो. पण 1861 साली मध्य प्रांत तयार झाला तेव्हापासून 1956 पर्यंत मंडल्याच्या सरईचं वरिष्ठ दफ्तर नागपुरात होतं. म्हणून त्या भुंग्याचा इतिहास नागपूरच्या इतिहासात बसतो, असं माझं ठाम मत आहे. कुठल्याही पुस्तकात तो तसा दिसला नाही, म्हणून मी लिहायला बसलो.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 साली नागपूरला पोचली. पुढं छत्तीसगडच्या दिशेनं रूळ पडले आणि 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी उभी राहिली. ब्रॉडगेजच्या एका लाकडी स्लीपरचं माप 9 फूट लांब, 10 इंच रुंद, 5 इंच जाड. एका मैलाला असे दोन हजारांच्या आसपास. आता डोळ्यांपुढं आणा की नागपूरपासून कलकत्त्यापर्यंत किती झाडं जमिनीवर आडवी झाली असतील. मसाला न लावता उन्हापावसात वर्षानुवर्षं टिकणारी आपल्याकडची लाकडं मोजकी. साग त्यांतला पहिला. पण साग महाग, आणि तो दारं-खिडक्यांना, जहाजांना हवा असायचा. सरई जड, चिवट, खिळा ठोकताना हात दुखवणारी. आमचे सुतार तिच्यावर रंधा चालवायला नाखूश असत, ती वाळताना वाकते म्हणून. रुळाखाली दबून राहायला मात्र तिच्यासारखं लाकूड नाही.

सुरुवातीच्या त्या वर्षांत ठेकेदारांनी जंगलाची काय दशा केली, ते कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी 1871 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतातल्या डोंगरमुलखावरच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. वाहून नेता येईल त्याच्यापेक्षा जास्त तोडलं गेलं. लठ्ठे जंगलातच राहिले. मध्य प्रांताचं वनखातं तेव्हा नुकतंच उभं राहत होतं, कॅप्टन पिअर्सन त्याचे पहिले प्रमुख. पहिला वनकायदा 1865 चा. कायदा झाडाला हात लावणाऱ्याकडे बघत होता. पडून राहिलेल्या लठ्ठ्याकडे बघणारं अजून कुणी नव्हतं. भुंगा मात्र बघत होता.

त्याचं शास्त्रीय नाव होप्लोसेरॅम्बिक्स स्पायनिकॉर्निस. 1842 साली न्यूमन नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं ते ठेवलं. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या प्रचंड कुळातला हा एक. या कुळाच्या हजारो जाती जगभर लाकडावर जगतात. हिमालयातल्या देवदाराचे वेगळे, आपल्या आंब्याचे वेगळे. हा सालाचा. रंग काळपट तपकिरी, लांबी दोन सेंटिमीटरपासून साडेसहापर्यंत, आणि नराच्या मिशा अंगापेक्षा लांब. हातात धरला की करकरतो. बोट सापडलं तर चांगलाच चावतो.

त्याचं वर्ष आपल्या शेतकऱ्यासारखं पावसाशी बांधलेलं आहे. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की तो लाकडातून बाहेर पडतो. जेमतेम महिनाभराचं आयुष्य. एवढ्यात मादी सालाच्या सालीवरच्या भेगांमध्ये शे-दोनशे अंडी घालते, कधी त्याहून जास्त. अळी निघते आणि साल कुरतडून आत शिरते. पहिले काही आठवडे ती सालीखालच्या कोवळ्या, रसाच्या थरात असते. मग ती पांढऱ्या लाकडातून थेट गाभ्याकडे वळते. पूर्ण वाढली की नऊ सेंटिमीटरपर्यंत लांब, माणसाच्या अंगठ्याएवढी जाड. तिनं केलेल्या भोकात माझा अंगठा जातो, मी घालून पाहिलाय. खाताना मागं टाकलेला भुगा भोकांतून बाहेर पडत राहतो आणि झाडाच्या बुंध्याशी ढीग साचतो. दिवाळी होऊन थंडी पडेपर्यंत अळीचं खाणं आटोपतं. गाभ्यात ती एक खोली कोरते आणि तिच्या तोंडाला चुन्यासारखं पांढरं, टणक झाकण लावून घेते. आत कोष, कोषातून भुंगा. भुंगा तयार होऊनही बाहेर येत नाही. झाकणाआड बसून पुढच्या जूनची वाट बघतो.

या साऱ्यात बाबांच्या नियमाचं उत्तर आहे. अंडी सालीवर, अळीचं पहिलं अन्न सालीखाली. साल काढून टाकली की त्या लठ्ठ्यावर भुंग्याचा संसार मांडलाच जात नाही. इतकी साधी गोष्ट. हमालांच्या दोन दिवसांच्या मजुरीत होणारी.

पण मला या भुंग्याला चोर म्हणवत नाही. नेहमीच्या वर्षी तो जंगलात अगदी थोडा असतो आणि जगतो तो मेलेल्या, मोडलेल्या, वाऱ्यानं पडलेल्या सालांवर. धडधाकट झाड त्याला दाद देत नाही. अळी आत शिरली की झाड राळ सोडतं आणि ती राळेत बुडून मरते. म्हातारं झाड पडलं की भुंगा त्याच्या गाभ्यात बोगदे करतो, त्या बोगद्यांतून पाणी शिरतं, बुरशी शिरते, वाळवी येते, आणि शंभर वर्षांचं लाकूड परत माती होतं. गडबड होते ती आपण त्याच्यापुढं ताट वाढतो तेव्हा. तोडलेले लठ्ठे, उरलेली खोडं, वादळात पडलेली न उचललेली झाडं, सारं सालीसकट आणि सारं ऐन पावसाळ्यात. मग दोन-तीन वर्षांत भुंगे इतके होतात की मेलेलं लाकूड पुरत नाही. ते उभ्या झाडांवर जातात. एका झाडात पाच-पन्नास अळ्या शिरल्या तर राळ पुरते. शेकड्यांनी शिरल्या की राळ आटते आणि झाड उभ्यानं वाळतं. त्यात दुष्काळानं झाडं आधीच खंगलेली असली तर विचारायलाच नको.

ही साखळी कागदावर मांडणारे दोघे मला माहीत आहेत. पहिले एडवर्ड पर्सी स्टेबिंग. सरकारी वन-कीटकतज्ज्ञ म्हणून त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिंगभूमच्या सालातल्या या भुंग्याचा जीवनक्रम लिहिला आणि 1914 मध्ये भारतातल्या जंगली भुंगेऱ्यांवर जाडजूड ग्रंथ काढला. दुसरे सिरिल बीसन, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतले. यांच्याविषयी मला फार माया वाटते. ऑक्सफर्डच्या शाळेत ते पुढं 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेल्या लॉरेन्सचे जिवलग मित्र. दोघं मिळून जुन्या चर्चमधल्या पितळी पाट्यांचे ठसे घेत हिंडायचे. एक अरबस्तानात गेला, दुसरा आपल्या जंगलात येऊन पाव शतकाहून जास्त काळ लाकडातले किडे बघत राहिला. 1941 साली त्यांनी भारतातल्या जंगली किड्यांवरचा ग्रंथ पूर्ण केला. आजही वनखात्यातले लोक त्याच्याशिवाय पुढं सरकत नाहीत. मायदेशी परतल्यावर हा माणूस चर्चच्या जुन्या घड्याळांचा अभ्यासक झाला. रात्री टालीवर निजलेल्या कुणालाही याचा अर्थ लागेल. शांत रात्री लठ्ठ्याला कान लावला तर आतली अळी ऐकू येते. कर्र, कर्र, थोडं थांबून पुन्हा कर्र. आयुष्यभर तो आवाज ऐकलेल्या माणसाचा कान घड्याळाकडे गेला असेल, असं मला आपलं वाटतं.

बीसन डेहराडूनला असतानाच मध्य प्रांतातली ती मोठी लाट आली. 1923 ते 1928. मंडल्याच्या जंगलात वाळलेल्या सालांचा आकडा 70 लाखांच्या घरात सांगतात. आकडा नुसता वाचून सोडू नका. आमच्या टालीवर भरभराटीच्या वर्षात सगळ्या जातींचे मिळून दोनेक हजार लठ्ठे येत. त्या हिशेबानं ते साडेतीन हजार वर्षांचं लाकूड होतं. विकायचं कुठं, न्यायचं कशावरून? गोंदियाहून नैनपूरवरून जबलपूरला जाणारी छोटी लाईन 1905 पर्यंत तयार झाली होती, ती किती ओढणार? आणि जे ओढलं गेलं त्यात भोकांचा माल असणारच. रेल्वेचा तपासनीस अंगठाभर भोक असलेला स्लीपर नापास करतो. नापास माल स्वस्तात शहरांकडे वळतो. नागपूर जवळ होतं. महालातल्या, इतवारीतल्या त्या काळच्या कित्येक घरांच्या तुळया सरईच्या निघतात. सागाच्या गावात एवढी सरई आली कुठून, हा प्रश्न मला जुनी घरं पाडणाऱ्या ठेकेदारांकडून माल घेऊ लागल्यावर पडला.

त्या काळापासून चालत आलेली भुंगे पकडण्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. पाऊस पडला की जंगलात एखादं कमअस्सल सालाचं झाड पाडायचं. त्याचे दोन-तीन मीटरचे तुकडे करायचे. तुकड्यांच्या टोकांकडची साल ठेचायची म्हणजे रस पाझरतो. त्या वासानं भुंगे दूरदूरहून उडत येतात, रस पितात आणि सुस्त होऊन सालीखाली पडून राहतात. सकाळी जायचं, वेचायचे, मुंडकी मोडायची आणि मुंडक्यांची मोजदाद करून पैसे घ्यायचे. सालीनं त्यांना वाढवलं, सालीनंच धरलं.

मग 1956 आलं. 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर लाखो माणसं बुद्धाला शरण गेली. बरोबर अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, मंडला-बालाघाट नव्या मध्य प्रदेशात, राजधानी भोपाळ. ज्या महिन्यात नागपुरात घराघरांत शालवृक्षाखालचा बुद्ध आला, त्याच्या पुढच्याच महिन्यात शालवृक्ष नागपूरच्या कारभारातून गेला. वनखात्याचं मुख्यालय आजही नागपुरातच आहे, पण महाराष्ट्राचं, म्हणजे मुख्यतः सागाचं. सरई आमच्यासाठी बाहेरचा माल झाली, ट्रकनं येणारी, परवान्याच्या कागदासकट. आणि साल सोलायच्या नियमामागचं कारण हळूहळू विसरलं गेलं, नियम उरला.

ते कारण मला परत सापडलं 1998 च्या जुलैमध्ये. मंडला-डिंडोरीत पुन्हा लाट आली होती. लाखो झाडं लागली होती, पेपरांत रोज 'साल बोरर' असायचं. स्वस्तात माल मिळेल या आशेनं मी गोंदियाहून छोट्या गाडीनं नैनपूर, तिथून मंडल्याला गेलो. व्यापारी म्हणून गेलो होतो हे लपवत नाही. मंडल्याच्या पुढं एका डेपोच्या आधी जीप थांबली आणि मी जंगलात शिरलो. पावसाळ्यातलं सालाचं जंगल हिरवंगार असायला हवं. तिथं झाडांचे शेंडे तांबूस होते आणि प्रत्येक बुंध्याशी गुडघ्याएवढा भुग्याचा ढीग, पावसानं भिजून पिठासारखा थापला गेलेला. खोडावर राळेचे ओघळ, जिथं झाड लढलं त्याच्या खुणा. मी लाकडात जन्म काढलाय. तोडलेलं लाकूड बघून मला कधी काही वाटलं नव्हतं. तिथं मात्र मी एका झाडाला हात लावून बराच वेळ उभा राहिलो.

वाटेवर गोंडांची पोरं भेटली. प्रत्येकाच्या हातात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली, आत भुंगे, वर पानाचा बोळा. एक म्हातारबा त्यांच्याबरोबर होते. मी विचारलं, दादा, हा रोग आला कुठून? त्यांनी रस्त्याच्या कडेला बोट केलं. मागच्या हंगामातले लठ्ठे तिथं तसेच रचलेले होते, उचलले न गेलेले, सालीसकट. म्हातारबा एवढंच म्हणाले, "सरई छीली नहीं." मला एकदम आमच्या टालीवरचा मे महिना आठवला, बाबांचा आवाज आठवला.

त्या वेळी पेच मोठा पडला होता. 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात मंजूर आराखड्याशिवाय झाडं तोडायला देशभर बंदी घातली होती, पुढं विनापरवाना आरामशिनीही बंद करायला लावल्या होत्या. लकडगंजातल्या कित्येक पात्यांचा आवाज तेव्हा थांबला. पोटावर पाय आला तरी मी म्हणेन की तो आदेश हवाच होता. पण भुंगा लागलेलं झाड तोडून बाहेर काढलं नाही तर पुढच्या जूनला त्यातून आणखी भुंगे निघणार. आणि तोडायला मोकळीक दिली तर भुंग्याच्या नावाखाली चांगली झाडंही आडवी होणार, ही भीतीही खोटी नव्हती. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वनसंशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ कामाला लागले. शेंडा हिरवा की वाळलेला, भुगा किती, राळ किती, यावरून झाडांची प्रतवारी ठरली. कुठलं तोडायचं आणि कुठलं अजून सावरेल, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. सावरतात, हे खरं आहे. ज्या झाडाची राळ जिंकली ते झाड जगतं. शतकाच्या शेवटी लाट ओसरली.

मी त्या खेपेत एक ट्रक माल घेतला. ज्याच्याकडून घेतला त्यानं लठ्ठे बाहेरून शाबूत दाखवले. पात्यावर चढवल्यावर निम्मे चाळणी निघाले. मोठा तोटा झाला. बाबा तेव्हा थकले होते, खुर्चीत बसून बघत होते. ते काही बोलले नाहीत. उठून एका फळीतल्या भोकात बोट घालून त्यांनी भुगा काढला, नाकाशी नेला.

टाल मी 2014 मध्ये बंद केली. हल्ली लोकांना प्लायवूड लागतं, चौकटीसुद्धा लोखंडी. तरी जुनं घर पडतंय असं कळलं की मी जातो. दोन वर्षांपूर्वी महालात एक घर पाडत होते. दारावरच्या दगडात 1927 कोरलेलं. माडीच्या तुळया खाली काढल्या होत्या, एक सरईची. जुन्या घरातल्या लाकडाला बारीक भोकं असतात ती वेगळ्या किड्यांची, वाळलेल्या लाकडात वर्षानुवर्षं राहणाऱ्या. ही तसली नव्हती, अंगठ्याएवढी होती. ठेकेदाराकडून मी हातभर तुकडा कापून घेतला आणि घरी आणून सावकाश छिन्नीनं फोडला. बोगदा गाभ्यात जाऊन वाकला होता. शेवटी पांढरं झाकण, शाबूत. झाकणाआड तो होता. पाय पोटाशी, मिशा पाठीवरून मागं वळवलेल्या, रंग अजून तपकिरी. पाऊस यायच्या आत लठ्ठा चिरला गेला असेल, लाकूड वाळलं असेल, आणि माडीखालच्या अंधारात त्याला पहिल्या पावसाची ओल पोचलीच नसेल.

तुळईच्या एका कडेला, जिथं करवतीचं पातं पोचलं नव्हतं, तिथं दोन बोटं रुंदीची साल तशीच चिकटलेली होती. मी ती काढली नाही. तुकडा तसाच कपाटात ठेवलाय, बाबांच्या हातोड्याशेजारी.